चमचा वाकडा करून बघ

गेल्या जुम्म्याला धाकट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. ती मुंब्र्याला असते. तिच्या मुलाला दोन दिवसांनी सहा महिने पूर्ण होणार होते आणि घरात वाद पेटला होता. नणंद म्हणे, डब्यातलं सिरियल आणा. सासू म्हणे, तांदळाचं पाणी पाजा. शेजारणीने कुठलासा व्हिडिओ बघून नाचणी, बदाम, मखाणे असं आठ-दहा जिन्नसांचं पीठ दळून आणून दिलं होतं. बहीण वैतागून म्हणाली, "आपा, तूच सांग. तू तर शिकलेली आहेस."

मी जरा वेळ गप्प बसले. माझ्या मोठ्या मुलीच्या वेळीही घरात सर्वांत जास्त शिकलेली मीच होते. आणि त्याच वेळी तिचं वजन तीन-साडेतीन महिने जवळपास जागचं हललं नव्हतं.

मोठी आता एकोणीस वर्षांची आहे. ती पाच महिन्यांची असताना मी बी.एड.ला प्रवेश घेतला. तेव्हा हा अभ्यासक्रम एकाच वर्षाचा होता. लोक म्हणत, एक वर्ष दात-ओठ खा, मग नोकरी. सोलापुरात आमचं दोन खोल्यांचं घर, नवरा यंत्रमागावर, सासूबाई घरी बिड्या वळायच्या. सासूबाईंना आम्ही सगळे अम्माच म्हणतो. मी सकाळी मुलीला पाजून निघायचे ती संध्याकाळी पाचला परत. सूक्ष्म अध्यापनाचे पाठ, टाचणं, फलक लेखन. दुपारी दोनच्या सुमाराला दूध भरून यायचं आणि ओढणी ओली व्हायची. दूध काढून वाटीत झाकून ठेवता येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी कुणाला विचारलंही नव्हतं.

सहा महिने झाले तसा वरच्या आहाराचा प्रश्न आला. ज्यांनी बिडीचं काम पाहिलेलं नाही त्यांना सांगते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवलेली तेंदूची पानं, आणि बोटं दिवसभर तंबाखूत. घरभर तो वास. मी अम्मांना सरळ सांगून टाकलं, "अम्मा, तुमारे हाताँ में तंबाखू रहता. बच्ची को डब्बेच का देना, दूसरा कुछ नको." त्या दिवशी अम्मांनी गहू भाजून ठेवले होते. नातीसाठी दलिया भरडायचा म्हणून. माझं बोलणं ऐकून त्या फक्त "हौ" म्हणाल्या आणि गव्हाचं पातेलं वर फळीवर ठेवून दिलं. ते पातेलं मला दिसलं होतं. मी विचारलं नाही.

पहिला डबा सौदीतून आला, नणंदेच्या नवऱ्याच्या बॅगेतून. आमच्या मोहल्ल्यात अशा डब्याला फार मान. रिकामा झाला तरी लोक फेकत नाहीत, त्यात डाळ भरून दर्शनी फळीवर ठेवतात. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने दोन वर्षांखालच्या बाळांच्या डबाबंद आहाराची जाहिरात करायला बंदी आहे, पण आतेच्या बॅगेला कुठला कायदा लागू होतो? तो डबा संपला. पुढचे मेडिकलमधून येऊ लागले. कुठून पैसे येतात याचा विचार मी केला नाही. माझ्या डोक्यात पाठ टाचण होतं.

साडेनऊ महिन्यांची असताना अंगणवाडीच्या ताईंनी तिला काट्याला लावलं. सहा महिन्यांना ६ किलो ९०० ग्रॅम होती. आता ७ किलो १००. ताईंनी तक्त्यावर ठिपका दिला आणि मागच्या ठिपक्याला जोडून रेघ ओढली. रेघ आडवी पडली. म्हणाल्या, "मॅडम, ही रेघ चढायला पाहिजे. आजारी होती का?" आजारी नव्हती. रडायची मात्र फार, आणि अलीकडे रडायचीही कमी झाली होती. मला वाटलं होतं, समजूतदार झाली.

बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी प्रश्न विचारले, मी फडाफडा उत्तरं दिली. काय देता, दिवसातून किती वेळा, भांडी उकळता का. परीक्षेत मिळाले असते तर पैकीच्या पैकी. मग त्यांनी माझ्याकडे बघणंच सोडलं आणि अम्मांना विचारलं, "दादी, कालवता तुम्ही ना? चमच्यातून कसं पडतं?"

अम्मा म्हणाल्या, "दूध जैसा."

"किती चमचे पावडर टाकता?"

अम्मांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एक."

मी तीन सांगितले होते. डब्यावरही तेवढेच होते. अम्मांना कुरआन शरीफ वाचता येतं, पण डब्यावरची इंग्रजी आणि हिंदी त्यांच्यासाठी नुसती चित्रं. आणि मी, जी दोन-दोन भाषा शिकवायला निघाले होते, तिने तो डबा त्यांना एकदाही वाचून दाखवला नव्हता. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण रिक्षात कळलं. नवऱ्याचा माग दीड महिना बंद होता. मला अभ्यासात त्रास नको म्हणून मायलेकांनी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या डब्यापासून पैसे अम्मांच्या बिड्यांतून जात होते. "डब्बा महिना भर चलाना था," त्या म्हणाल्या. रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं. मी बाहेर बघत बसले.

डॉक्टरबाई अम्मांना रागावल्या नाहीत. मलाही नाही. त्यांनी फक्त मूठ मिटून दाखवली: बाळाचं पोट एवढं. ते पाण्याने भरलं की बाळ गप्प होतं, पण वाढत नाही. सहा महिन्यांनंतर आईचं दूध चालूच ठेवायचं, पण ते एकटं पुरत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, वर्षानंतर ५५०. एवढ्याशा पोटात एवढं बसवायचं तर प्रत्येक चमच्यात काहीतरी असायला हवं. म्हणून त्यांची एकच परीक्षा होती. चमचा भरा आणि वाकडा करा. अन्न चमच्यावर टिकलं पाहिजे, मग हळूच घसरलं पाहिजे. धार लागली तर ते जेवण नाही.

"घरात काय शिजतं?" त्यांनी विचारलं.

अम्मा अगदी हळू म्हणाल्या, "दलिया चलेगा क्या?"

"चलेगा क्या, दौड़ेगा."

तंबाखूबद्दल मी घाबरत घाबरत विचारलं. माझी भीती चुकीची नव्हती, असं बाई म्हणाल्या. तंबाखू बाळाच्या जवळ नकोच. पण त्यासाठी आजीचे हात तोडायचे नसतात, धुवायचे असतात. नखं कापलेली, साबणाने मनगटापर्यंत धुणं, बिडीचं सूप दुसऱ्या खोलीत आणि जेवण भरवताना अंगावर वेगळी ओढणी. अम्मांनी त्या दिवसापासून ही शिस्त अशी पाळली की नातीला भरवायची वेळ झाली की आधी मोरीतून साबणाचा वास यायचा.

घरी आल्यावर फळीवरचं पातेलं खाली आलं. जुन्या गव्हाला किडे लागले होते. ते कोंबड्यांना घातले आणि अम्मांनी नवे निवडायला घेतले. रेशनचेच. खडे आणि काळपट दाणे काढून, धुऊन, फडक्यावर सावलीत वाळवले. मग जाड कढईत मंद आचेवर भाजले. दाणा फुगतो, रंग एक पायरी गडद होतो आणि घरभर वास सुटतो तिथं थांबायचं, करपवायचं नाही. भाजल्याने तो पचायला हलका होतो असं अम्मा म्हणतात. मला एवढं माहीत आहे की तो टिकतो आणि चवीला चांगला लागतो. मग जातं. आमच्या जात्याचा खुंटा सैल आहे, पण भरडायला ते बरं पडतं. जे निघालं ते अम्मांनी दोन चाळण्यांतून चाळलं. खाली पडलं ते पीठ, ते रोटीच्या कणकेत गेलं. मधला बारीक दाणा मुलीचा. वर राहिला तो जाड दलिया आमच्या सहेरीसाठी बाजूला काढला. काही वाया गेलं नाही.

एक भाषेचा मुद्दा सांगितल्याशिवाय राहवत नाही, सवय आहे. उर्दूत 'दलना' म्हणजे जाडसर मोडणं, आणि बारीक करणं म्हणजे 'पीसना'. मराठीत 'दळणं' म्हणजे बारीक पीठ करणं, जाडसर मोडणं म्हणजे 'भरडणं'. एकाच घराण्यातले दोन शब्द, पण कामं वेगळी. उर्दू माध्यमाची मुलं 'दलिया दळला' असं लिहितात तेव्हा मी चूक काढते, पण ती चूक कुठून आली हे मला माहीत असतं. गुजराती दुकानात जाऊन 'दालिया' मागितला तर तो भाजलेली चणाडाळ देईल, आपलं डाळं. बहिणीला एकदा दिलीच होती. त्यामुळे मुंबईकडच्या वाचकांनी 'गव्हाचा' हा शब्द आधी लावावा.

शिजवायला वेगळा गॅस लागायचा नाही. रोजच्या कुकरमध्ये डाळीच्या भांड्यावर एक स्टीलची छोटी वाटी बसायची. त्यात दोन चमचे बारीक दलिया, एक चमचा धुतलेली मूगडाळ आणि त्याच्या पाच-सहापट पाणी. मोठ्यांचा दलिया मोकळा चालतो, बाळाचा गुरगुट्या हवा, म्हणून एक-दोन शिट्ट्या जास्त. उतरवल्यावर पळीने घोटायचा, अर्धा लहान चमचा तूप किंवा तेल घालायचं. मीठ नाही, साखर नाही, गूळही नाही. वर्षाच्या आत बाळाला यातलं काही लागत नाही. यावर अम्मांचा आणि माझा खरा झगडा झाला. बिनगुळाची लापशी त्यांना जनाजाच्या घरचं जेवण वाटायची. "फीका खाना क्या खाएगी बच्ची?" मी म्हटलं, अम्मा, तिला गोड काय असतं तेच माहीत नाही, तर फिकं काय असतं ते कुठून माहीत असणार? शेवटी कधीमधी भिजवून कुस्करलेला अर्धा खजूर यावर तह झाला.

आणखी एक गोष्ट डॉक्टरबाईंनी सांगितली, ती मला अजून जादूच वाटते. दलिया गार होताना घट्ट होतो आणि मग बाळाला गिळवत नाही. आपण काय करतो? पाणी घालतो, आणि परत तेच. त्याऐवजी मूठभर गव्हाला मोड आणायचे, वाळवायचे, अगदी हलके गरम करून दळायचे. या पिठाचा छोटा चमचा गरम घट्ट दलियात घातला की बघता बघता तो सैल होतो. मोड येताना दाण्यात जो पाचक घटक तयार होतो तो स्टार्च तोडतो. अन्न तेवढंच राहतं, गिळायला सोपं होतं. पीठ घातल्यावर पुन्हा एक उकळी द्यायची. मोड आणलेलं धान्य जास्त भाजलं तर मात्र हा गुण जातो. अम्मांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा "बिस्मिल्लाह" म्हणून दोनदा ढवळून बघितलं.

वाचायला हे सगळं सोपं वाटतं. भरवणं तसं नव्हतं. पहिल्या दिवशी तिने चमचा तोंडात घेतला आणि जिभेने सगळं बाहेर ढकललं. मी म्हटलं, आवडत नाही. अम्मा म्हणाल्या, आवड कुठली, जीभ अजून दूध ओढायलाच शिकलेली आहे. साडेनऊ महिन्यांच्या मुलीची जीभ सहा महिन्यांच्या बाळासारखी वागत होती, कारण आम्ही तिला इतके दिवस पातळच पाजलं होतं. हे मला नंतर फार लागलं. खाणं ही शिकायची गोष्ट आहे. सहा महिन्यांना गुळगुळीत घोटलेलं, आठ महिन्यांना दाणेदार, वर्षाला घरच्या पातेल्यातलं मऊ असं बाळ पायरीपायरीने चढतं. मधल्या पायऱ्या गाळल्या की पुढे ते गुठळी लागताच ओकतं. आम्हाला मागे जाऊन पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली. दिवसातून दोनदा दोन-तीन चमचे. मग हळूहळू अर्धी वाटी, तीनदा, मध्ये केळं. अम्मा तिला मांडीवर उभट बसवायच्या, आडवं कधी नाही. तोंड फिरवलं की थांबायच्या. मी असते तर नाक दाबून घातला असता, कारण मला साडेआठची बस असायची. एका वाटीला त्यांना अर्धा-पाऊण तास लागायचा. तेवढ्या वेळात किती बिड्या वळून झाल्या असत्या हा हिशोब त्यांनी कधी केला असेल तर मला ऐकवला नाही.

सुरुवातीचे तीन दिवस नवीन काही द्यायचं नव्हतं. अंगावर चट्टे, ओठांना सूज, उलट्या, जुलाब काही होतं का बघायचं होतं. गव्हाची अ‍ॅलर्जी थोड्याच मुलांना असते, पण असते. घरात कुणाला गहू सोसत नसेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. मात्र भीतीपोटी गहू वर्षभर लांबवण्यात फायदा नाही. शेजारणीच्या आठ-दहा जिन्नसांच्या पिठावर माझा आक्षेप हाच आहे. चांगल्या मनाने दिलेलं आहे, पण बाळाला पुरळ उठलं तर कुणाला पकडणार?

तिच्या पहिल्या सालगिरहला ती ७ किलो ९०० झाली. फार नाही. पण अंगणवाडीच्या तक्त्यावरची रेघ चढली. ताईंनी दाखवली तेव्हा अम्मांनी त्या कागदावर बोट फिरवलं. अक्षर वाचता येत नव्हतं, रेघ वाचता आली.

डबा वाईट आणि दलिया पाक, असं मला म्हणायचं नाही. त्या डब्यात लोह मिसळलेलं असतं, आमच्या दलियात तेवढं नसतं. आणि गव्हाच्या कोंड्यातला एक घटक आहे ते लोहही अडवून धरतो. बाळ जन्माला येताना लोहाचा जो साठा घेऊन येतं तो सहाव्या महिन्याच्या आसपास संपायला लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९-२१ मध्ये झालं, त्यात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांमागे दोन मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे नुसत्या दलियावर भागत नाही. त्यात डाळ पाहिजे, पालक किंवा लाल भोपळा पाहिजे, वर लिंबाचे दोन थेंब पाहिजेत. लिंबाने लोह शोषलं जातं. अंडं पूर्ण उकडून कुस्करून. आणि ज्यांच्या घरी गोश्त शिजतं त्यांनी गोश्त. इथं आपल्या घरांतली एक जुनी समजूत आडवी येते. बाळाला यखनी पाजतात. हाडांचं पाणी, ताकद येते म्हणे. आणि बोटी? बोटी मोठी माणसं खातात. ताकद बोटीतच राहिलेली असते! कोंबडीची कलेजी किंवा मऊ शिजवलेला खिमा बारीक वाटून दलियात घोटला तर बाळाच्या पोटात खरं काही जातं.

दुसरी गोष्ट चहा. आपल्याकडे आठ-नऊ महिन्यांच्या पोराला चहात बुडवलेलं बिस्कीट देणं म्हणजे लाड. चहा लोहाचा दुश्मन आहे, आणि बिस्किटात मैदा-साखरेपलीकडे फारसं काही नाही. तिसरी गोष्ट मी अदबीनेच लिहिते. जन्मघुट्टीत शहद चाटवण्याची रीत घराघरांत आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला शहद देऊ नये, असं डॉक्टर सांगतात. त्यात कधी कधी असे जंतू असतात की त्यांनी इतक्या लहान आतड्यात विष तयार होतं. शहदमध्ये शिफा आहे हे मीही मानते. वर्ष झाल्यावर द्या.

आणि दूध तोडू नका. सूरह बकरामध्ये आईने पूर्ण दोन वर्षं पाजण्याचा उल्लेख आहे, आणि आजची आरोग्य संघटनाही दोन वर्षं किंवा त्याहून जास्त असंच म्हणते. दलिया दुधाच्या जागी येत नाही, दुधाच्या शेजारी येतो.

धाकट्याच्या वेळी सगळं सुरळीत झालं, त्यामुळे त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. सहाव्या महिन्यात दलिया, आठव्यात दाणेदार, दहाव्यात तो स्वतःच वाटीत हात घालायला लागला. दीड वर्षाचा झाल्यावर मात्र त्याने दलियाशी बोलणंच सोडलं. सकाळी खाल्लेलं संध्याकाळी नको. हे वयच तसं असतं. मी मग एकच दलिया वेगवेगळ्या कपड्यांत पुढे करायला लागले. कधी दूध-केळ्यातला, कधी कांदा-मटार घालून उपम्यासारखा, कधी उरलेल्या घट्ट दलियाच्या बटाटा घातलेल्या टिक्क्या. टिक्की त्याच्या हातात दिली की तो खायचा, मी भरवली की थुंकायचा. मग भरवणं बंद. फरशी पुसावी लागायची, ते परवडलं.

मोहरमला आमच्या गल्लीत खिचडा होतो. सडलेला गहू, डाळी आणि गोश्त रात्रभर चुलीवर, आणि चार-चार माणसं लाकडी घोटण्याने घोटतात. त्या वर्षी धाकट्याला त्यातला तिखट घालायच्या आधीचा एक वाटी काढून दिला. त्याने वाटी चाटून पुसली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी सहाव्या महिन्यापासून त्याला छोट्या कुकरात हेच देत होते. गहू, डाळ, गोश्त आणि घोटणं. पाहुणे आले की आपण त्याला खिचडा म्हणतो, देगभर करतो आणि वर तळलेला कांदा घालतो. बाळासाठी केला की तो आजाऱ्याचा दलिया होतो, गरिबाचा होतो, आणि डब्यासमोर मान खाली घालतो.

माझ्या शाळेत अजून बिडी कामगारांच्या मुली येतात. सहावीतल्या एका मुलीला रोज उशीर व्हायचा. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, भाई को खिलाके आती." काय खायला घालतेस? "चाय में बिस्कुट." भाऊ अकरा महिन्यांचा. त्या आठवड्यात मराठीच्या तासाला कृतीलेखन घ्यायचं होतं. पुस्तकात सरबताची कृती होती. मी फळ्यावर लिहिलं, 'बाळासाठी दलिया'. निवडणे, धुणे, भाजणे, भरडणे, चाळणे, घोटणे या सहा क्रियापदांवर दोन तास गेले. लिंगाचा गोंधळ नेहमीचाच. दलिया तो आणि लापशी ती, मग एकाच वाटीत दोघं कसे, असं एकीने विचारलं. शेवटचं वाक्य सगळ्यांच्या वह्यांत सारखं आहे, कारण ते मी सांगून लिहून घेतलं: 'चमचा वाकडा करून पाहावा.' ती मुलगी अजूनही उशिरा येते. मी हजेरी नंतर घेते.

तर बहीण. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाणाऱ्या एका ओळखीच्यांच्या हाती मी अर्धा किलो बारीक दलिया पाठवला. जातं आता फिरवत नाही, मिक्सरला थांबत थांबत फिरवते, पण चाळण्या त्याच आहेत. सोबत वहीच्या कागदावर उर्दूत लिहिलं: दोन चमचे दलिया, एक मूगडाळ, मीठ-साखर नाही, तीन दिवस दुसरं नवीन काही नाही, शिजलेलं दोन तासांच्या वर ठेवू नको, सासूला वाचून दाखव. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

परवा तिचा कॉल आला तेव्हा अम्मा शेजारीच बसल्या होत्या. बिड्या त्यांनी डोळ्यांच्या ऑपरेशननंतर सोडल्या. बहीण मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. त्याच्या हनुवटीवर, कानात, बहिणीच्या बाहीवर दलिया. "आपा, हा सगळं थुंकतोय. याला नाही आवडत."

मी काही बोलायच्या आत अम्मांनी फोन माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ धरला.

"बेटी, चम्मच भर. हौ. अब टेढ़ा कर, मेरे को दिखा."

बहिणीने चमचा कॅमेऱ्यासमोर धरून वाकडा केला. पातळ धार सरळ खाली वाटीत पडली. मागून तिच्या सासूचा आवाज आला, "मैंनेच बोली थी थोड़ा पतला कर, बच्चे के गले में अटकेगा."

"नहीं अटकता," अम्मा म्हणाल्या. "कल पानी कम डाल."